अल्टरनेटर बेल्टचा आवाज (जुन्या मोटारगाड्या)

अल्टरनेटर बेल्टचा आवाज हा जुन्या मोटारगाड्यांमध्ये वारंवार आढळणारा दोष आहे. इंजिनच्या पुढील बाजूस असलेला रबरी पट्टा पुलीवरून घसरल्यामुळे, वाकडा चालल्यामुळे, झिजल्यामुळे किंवा त्याने फिरविलेल्या एखाद्या भागाचे बेअरिंग खराब झाल्यामुळे हा आवाज उत्पन्न होतो. या पट्ट्यास महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे ‘फॅन बेल्ट’ म्हणतात. कारण बहुतेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरबरोबरच इंजिन थंड ठेवणारा पंखा आणि पाण्याचा पंप हेही याच पट्ट्यावर फिरतात.

ऐकताना सारखाच वाटणारा आवाज निरनिराळ्या कारणांनी येऊ शकतो. म्हणून बेल्ट आवळण्यापूर्वी किंवा बदलण्यापूर्वी कारण निश्चित करणे आवश्यक असते. सैल बेल्टमुळे बॅटरी उतरते व इंजिन तापते. उलट, केवळ आवाज थांबावा म्हणून बेल्ट अवाजवी आवळल्यास अल्टरनेटर व पाण्याचा पंप यांची बेअरिंगे अकाली निकामी होतात. रत्नागिरीतील मिरकरवाड्यासारख्या समुद्रकाठच्या वस्तीत खारे वारे, दमट हवा आणि दीर्घ पावसाळा यांमुळे हा दोष लवकर उद्भवतो.

पार्श्वभूमी

मोटारगाडीतील बॅटरी भारित ठेवण्यासाठी प्रारंभी डायनामो हे एकदिश प्रवाह देणारे जनित्र वापरीत. सिलिकॉनचे डायोड स्वस्त व टिकाऊ झाल्यावर त्याची जागा अल्टरनेटरने घेतली. अल्टरनेटर प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतो आणि त्यातील डायोड त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या व्हॅलियंट या मोटारीत अल्टरनेटर दिला आणि त्या दशकात त्याचा प्रसार वाढला.

महाराष्ट्रातील रस्त्यांवर दीर्घकाळ दिसलेल्या जुन्या गाड्यांमध्ये मुंबईच्या कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० व तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी, हिंदुस्तान मोटर्सची अँबेसेडर आणि महिंद्राची जीप यांचा समावेश होतो. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पद्मिनी सर्वपरिचित होती. या वर्गातील अखेरची टॅक्सी २० वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाद झाली. खाजगी मालकांकडे मात्र अशा गाड्या अजूनही आहेत. ५० वर्षांहून अधिक जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या गाड्यांसाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणीचे नियम केले.

या गाड्यांच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत डायनामो असे, तर नंतरच्या आवृत्त्यांत अल्टरनेटर आला. अनेक मालकांनी जुना डायनामो काढून त्या जागी अल्टरनेटर बसविला आहे. आवाजाचे निदान करताना हा बदल झाला आहे किंवा नाही, हे प्रथम पाहावे लागते.

रचना व कार्य

जुन्या गाड्यांतील बेल्टचा छेद इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा असतो. त्याच्या आत ताण सहन करणारे धागे असून भोवती रबर असते. क्रँकशाफ्टच्या पुढील टोकावरील पुली हा बेल्ट फिरविते आणि बेल्ट पाण्याच्या पंपाची व अल्टरनेटरची पुली फिरवितो. पंखा बहुधा पंपाच्या दांड्यावरच बसविलेला असतो. अल्टरनेटर एका बाजूने बिजागरीसारख्या बोल्टवर टांगलेला असतो, तर दुसऱ्या बाजूने खाच असलेल्या कमानदार पट्टीवर आवळलेला असतो. तो इंजिनपासून दूर ओढला की बेल्ट ताणला जातो.

‘व्ही’ बेल्टची पकड त्याच्या दोन तिरप्या बाजूंवर अवलंबून असते, तळावर नव्हे. ताणामुळे बेल्ट पुलीच्या खाचेत पाचरीप्रमाणे रुततो आणि बाजूंचे घर्षण वाढते. बेल्ट झिजून अरुंद झाला किंवा खाच रुंदावली, तर बेल्ट खाली उतरून तळाला टेकतो. मग पाचरीचा परिणाम नाहीसा होतो आणि कितीही आवळले तरी बेल्ट घसरतच राहतो. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल, तर ते या दोषाचे खात्रीचे चिन्ह समजतात.

बेल्टवर पडणारा भार अल्प नसतो. ३५ अँपिअरचा अल्टरनेटर १४ व्होल्टला पूर्ण भाराने चालत असता सुमारे ४९० वॅट शक्ती देतो. त्याची कार्यक्षमता ५० ते ६० टक्के धरल्यास बेल्टला ८०० ते १,००० वॅट, म्हणजे एका अश्वशक्तीहून थोडी अधिक शक्ती वाहून न्यावी लागते. पंखा व पंप यांचा भार याहून वेगळा असतो. दिवे, वायपर, हॉर्न ही उपकरणे चालू होताच अल्टरनेटर फिरविणे जड होते. हीच गोष्ट पुढे निदानासाठी उपयोगी पडते.

आवाज का उत्पन्न होतो

सारंगीच्या तारेवर गज फिरविताना गज तारेला क्षणभर धरतो, सोडतो आणि पुन्हा धरतो. या जलद क्रियेतून स्वर निघतो. सैल बेल्ट पुलीवरून घसरताना असेच घडते. रबर धातूला चिकटते, सुटते व पुन्हा चिकटते आणि त्या कंपनांतून कर्कश आवाज निघतो. घसरण्याने उष्णता निर्माण होऊन बेल्टच्या बाजू कडक व काचेसारख्या गुळगुळीत होतात. गुळगुळीत बेल्ट अधिक घसरतो आणि अधिक तापतो. त्यामुळे दुर्लक्ष केलेला किरकोळ आवाज काही दिवसांत कायमचा होऊन बसतो.

सकाळी गाडी सुरू करताना हा आवाज विशेष जाणवतो. स्टार्टरने बॅटरीतील बरीच शक्ती खर्च केलेली असते. ती भरून काढण्यासाठी अल्टरनेटर जोराने काम करू लागतो. बेल्ट त्या वेळी थंड, ताठ आणि दवाने किंचित ओलसर असतो. काही मिनिटांत बॅटरी भरत जाते, बेल्ट ऊबदार होतो आणि आवाज थांबतो. आवाज थांबला म्हणून दोष गेला असे मात्र होत नाही.

आवाजाचे प्रकार

निदानाची पहिली पायरी म्हणजे आवाजाचा प्रकार ओळखणे. ढोबळमानाने पुढील प्रकार आढळतात.

* लांब, कर्कश किंकाळी : वेग अचानक वाढविल्यावर किंवा दिवे लावल्यावर येते. कारण बहुधा सैल, गुळगुळीत झालेला किंवा तेलकट बेल्ट.
* पक्ष्यासारखी तालबद्ध चिवचिव : संथ वेगात स्पष्ट ऐकू येते आणि वेगाबरोबर जलद होते. कारण बहुधा पुली एका रेषेत नसणे, खाचेतील गंज किंवा वाकलेली पुली.
* सतत घरघर किंवा गुरगुर : वेग वाढला की स्वर चढतो, बेल्टवर पाणी टाकून फरक पडत नाही. कारण बहुधा अल्टरनेटरचे अथवा पाण्याच्या पंपाचे बेअरिंग.
* फटफट किंवा थपथप : कारण बेल्टचा सुटलेला धागा, निघालेला रबराचा तुकडा किंवा उभ्या गाडीत बेल्टला पडलेला बाक.
* खडखड : कारण सैल बोल्ट, झिजलेले बुश, तडा गेलेली पट्टी किंवा पुलीचा ढिला नट.
* बारीक गुणगुण : दिवे लावल्यावर वाढते, रेडिओतही ऐकू येते. कारण अल्टरनेटरच्या डायोडमधील बिघाड असू शकते.

तालबद्ध आवाजात ताल मोजणे उपयुक्त ठरते. समजा, क्रँकशाफ्टच्या पुलीचा व्यास १३० मि.मी., बेल्टची लांबी ९० सें.मी. आणि इंजिनचा संथ वेग मिनिटाला ८०० फेरे आहे. अशा वेळी ती पुली सेकंदाला सुमारे १३ फेरे घेते, तर संपूर्ण बेल्ट सेकंदाला केवळ ६ वेळा फिरतो. आवाजाचा ताल इंजिनच्या फेऱ्यांहून निम्मा किंवा त्याच्या आसपास असेल, तर दोष बेल्टच्याच एखाद्या ठिकाणी आहे. ताल त्याहून बराच जलद असेल, तर दोष एखाद्या पुलीत आहे असा तर्क करता येतो. वाल्व्हच्या टॅपेटचा आवाजही इंजिनच्या निम्म्या गतीने येत असल्याने दोहोंची गल्लत होऊ शकते. ती पुढे दिलेल्या बेल्ट काढून करावयाच्या चाचणीने दूर होते.

निदानाची पद्धत

कमीत कमी उघडझाप करावी लागणाऱ्या चाचण्या प्रथम कराव्यात. त्यांचा उपयुक्त क्रम पुढीलप्रमाणे आहे.

इंजिन बंद असताना. किल्ली काढून घ्यावी व इंजिन थंड होऊ द्यावे. बेल्ट हाताने पिळून त्याच्या बाजू व आतील भाग उजेडात पाहावा. भेगा, निघालेले धागे, चकाकी, तेलाचे डाग व खाचेभोवती जमलेली काळी भुकटी यांची नोंद घ्यावी. काही बेल्टना आतील बाजूस मुळातच दाते असतात. त्यांमधील खाचांना भेगा समजू नये. त्यानंतर सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने बेताच्या जोराने दाबावे. सर्वसाधारणपणे १० ते १५ मि.मी. इतकी लवण योग्य मानतात. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असल्यास तोच प्रमाण धरावा. शेवटी अल्टरनेटरच्या पंख्याचे पाते बोटाने ढकलून पाहावे. बेल्ट जागीच राहून पुली त्याखाली सरकली, तर ताण निश्चितपणे कमी आहे.

विद्युत भाराची चाचणी. इंजिन संथ वेगात चालू ठेवून हेडलाइट व वायपर लावावेत आणि वेग किंचित वाढवावा. आवाज भाराबरोबर येत व जात असेल, तर बेल्ट घसरत आहे. भाराचा काहीच परिणाम नसेल, तर बेअरिंग किंवा पुलीच्या रेषेकडे लक्ष वळवावे.

पाण्याची चाचणी. लांब नळीच्या बाटलीतून बेल्टच्या आतील बाजूवर थोडे स्वच्छ पाणी सोडावे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला, तर पुली रेषेत नसण्याची शक्यता अधिक असते. पाण्याने आवाज वाढला, तर ताण अपुरा असतो. आवाजात बदल झाला नाही, तर तो बेल्टचा नसण्याचाच संभव असतो. या चाचणीसाठी तेल किंवा ग्रीस वापरू नये.

ऐकण्याची चाचणी. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक अल्टरनेटरच्या स्थिर आवरणावर टेकवून मूठ कानाजवळ धरल्यास आतील बेअरिंगची घरघर स्पष्ट ऐकू येते. हीच कृती पाण्याच्या पंपाच्या आवरणावर करून दोहोंची तुलना करावी. स्क्रू ड्रायव्हर फिरत्या भागापासून व अल्टरनेटरमागील विजेच्या टोकापासून दूर ठेवावा. मोटारदुरुस्तीचा स्टेथोस्कोप मिळाल्यास तो अधिक सुरक्षित असतो.

बेल्ट काढून चाचणी. बेल्ट उतरवून इंजिन थोडा वेळ चालवावे. आवाज नाहीसा झाल्यास त्याचे मूळ बेल्टमध्ये किंवा बेल्टने फिरणाऱ्या भागांत आहे. तो कायम राहिल्यास मूळ इंजिनमध्येच अन्यत्र आहे. या वेळी पाण्याचा पंपही थांबलेला असल्याने चाचणी अर्ध्या मिनिटात आटोपावी. इंजिन बंद केल्यावर अल्टरनेटरची पुली हाताने फिरवावी. ती खरखर न करता फिरली पाहिजे. पंख्याची दोन समोरासमोरची पाती धरून पुढे-मागे हलवावीत. दांडा हलत असेल किंवा पंपाखालील लहान छिद्राजवळ पाण्याचे वाळलेले डाग असतील, तर पंप बदलण्याची वेळ आली आहे. हा दोष बेल्टचा समजून सोडून दिल्यास पुढे पंप मोडून पंखा रेडिएटरवर आदळू शकतो.

व्होल्टमापकाची चाचणी. इंजिन बंद असता पूर्ण भारित बॅटरीच्या टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन मध्यम वेगात चालू असता १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसणे अपेक्षित असते. आवाज येत असतानाच हा आकडा खाली घसरत असेल, तर घसरता बेल्ट हे कारण पक्के होते. आवाज नाही, पण भारणही नाही, अशा स्थितीत कार्बन ब्रश, रेग्युलेटर किंवा वायरिंग तपासावे.

कारणे व उपाय

ताण कमी असल्यास अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून तो बाहेरच्या बाजूस ओढतात व प्रथम खाचेतील बोल्ट, मग बिजागरीचे बोल्ट आवळतात. टॉमी किंवा लाकडी दांडका वापरायचा असल्यास तो पुलीकडील मजबूत भागावर टेकवावा. मागील पातळ आवरणावर जोर दिल्यास ते तडकते. नवा बेल्ट प्रारंभी थोडा सैल होतो. म्हणून १० ते १५ मिनिटे इंजिन चालविल्यावर आणि पुन्हा काही शे किलोमीटरनंतर ताण तपासावा.

पुली रेषेत नसल्यास तिन्ही पुलींच्या खाचांवरून सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी धरून फरक पाहतात. पुलींच्या कडांची जाडी वेगवेगळी असू शकते, म्हणून माप खाचेच्या मध्यापासून घ्यावे. दोन पुलींमध्ये २५ सें.मी. अंतर असता अर्ध्या अंशाचा तिरपेपणा म्हणजे सुमारे २ मि.मी.चा फरक होय. याहून अधिक फरक राहू देऊ नये. योग्य जाडीचे वॉशर घालून किंवा झिजलेले बुश बदलून तो दूर करता येतो.

बेल्ट तेलकट असल्यास आधी गळती शोधावी. क्रँकशाफ्टच्या पुढील सीलमधून किंवा टॅपेट कव्हरमधून तेल येत असता नवा बेल्ट घातला, तरी तो अल्पावधीत फुगून निकामी होतो. गुळगुळीत झालेला बेल्ट सँडपेपरने घासून काही दिवस चालतो, परंतु तो कायमचा उपाय नव्हे. नवा बेल्ट मूळ लांबी व रुंदीचाच असावा. पिठाची गिरणी किंवा शेतीपंप यांचे बेल्ट आकाराने जुळले, तरी लहान पुली व इंजिनची उष्णता यांसाठी ते बनविलेले नसतात.

बेअरिंगचा दोष असल्यास बेल्टला हात लावून उपयोग नाही. अल्टरनेटरची दोन्ही बेअरिंगे एकाच वेळी बदलणे हितावह असते.

डायनामोऐवजी अल्टरनेटर बसविलेल्या गाड्या

डायनामो साधारणतः २० ते २५ अँपिअर प्रवाह देत असे. त्याच जागी आधुनिक, अधिक क्षमतेचा अल्टरनेटर बसविल्यास जुन्या, अरुंद बेल्टवर मूळ अपेक्षेहून बराच अधिक भार पडतो. शिवाय अल्टरनेटर अधिक वेगाने फिरावा म्हणून त्याची पुली लहान असते. पुली जितकी लहान, तितकी बेल्टची तिच्यावरील मिठी कमी. अशा गाडीत बेल्ट योग्य ताणात असूनही घसरू शकतो. बेल्ट आणखी आवळणे हा येथे चुकीचा उपाय ठरतो. मध्यम क्षमतेचा अल्टरनेटर निवडणे, थोडी मोठी पुली बसविणे आणि पुलीची खाच बेल्टच्या रुंदीशी जुळविणे हे योग्य उपाय होत.

काही जुन्या ब्रिटिश रचनेच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. अशा गाडीत जोडणीची दिशा न बदलता साधा अल्टरनेटर बसविल्यास त्याचे डायोड तत्काळ जळतात.

किनारपट्टीवरील परिस्थिती : मिरकरवाडा

मिरकरवाडा हे रत्नागिरी शहरातील प्रमुख मासेमारी बंदर आहे. रत्नागिरीत वर्षाकाठी सरासरी ३,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या काळात येतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील क्षार उघड्या लोखंडावर साचतात, हवेतील ओलावा धरून ठेवतात आणि गंज वाढवितात. बंदराच्या रस्त्यावर मासळीच्या पेट्यांतून गळणारे खारे पाणी चाकांमुळे इंजिनपर्यंत उडते. उन्हाळ्यात जांभ्या दगडाची तांबडी धूळ यात भर घालते.

पावसाळाभर न वापरलेल्या जुन्या गाडीत याचा परिणाम ठळकपणे दिसतो. पुलीच्या खाचेचा जो भाग बेल्टने झाकलेला असतो तो तुलनेने स्वच्छ राहतो, तर उघड्या भागावर गंज चढतो. गाडी सुरू होताच गंजलेला भाग कानशीप्रमाणे बेल्टच्या बाजू खरवडू लागतो व चिवचिव ऐकू येते. एकाच स्थितीत राहिलेल्या बेल्टला पुलीच्या वळणाचा बाकही पडतो आणि प्रारंभी थपथप होते. बाक काही मिनिटांत निघून जातो. गंज मात्र आपोआप जात नाही. अशा खाचेत नवा बेल्ट घातल्यास तोही लवकर झिजतो. म्हणून बेल्ट उतरवून, इंजिन बंद ठेवून खाच बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ करावी व कोरड्या फडक्याने पुसावी. खाचेच्या बाजूंना रंग किंवा ग्रीस लावू नये. गंजाने खड्डे पडले असतील, तर पुली बदलावी.

गाडी उभी ठेवायची असल्यास आठवड्यातून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत, शक्य असल्यास रस्त्यावर चालवून, सुरू ठेवणे उपयुक्त ठरते. खारे पाणी उडाले असल्यास गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुली पुसाव्यात. अल्टरनेटरवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, कारण पाणी बेअरिंग, स्लिप रिंग व डायोड यांपर्यंत पोहोचते.

याच बंदरातील मच्छीमार नौकांच्या डिझेल इंजिनांनाही क्षार व ओलावा यांचा असाच उपद्रव होतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात नौका किनाऱ्याला असतात आणि इंजिने थांबलेली राहतात. बेल्टवर चालणारे अल्टरनेटर असलेल्या इंजिनांत हंगामापूर्वी बेल्ट व पुलीची तपासणी याच क्रमाने करता येते.

दुर्लक्षाचे परिणाम

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाताना आंबा घाट चढावा लागतो. चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये असते. इंजिन जोराने चालते, परंतु गाडीचा वेग कमी असल्याने समोरून येणारा वारा अपुरा पडतो. अशा वेळी रेडिएटरमधील पाणी थंड करण्याचा भार जवळजवळ संपूर्णपणे पंख्यावर येतो. सपाटीवर केवळ त्रासदायक वाटणारा घसरता बेल्ट येथे इंजिन तापवितो आणि हेड गॅस्केट जळण्यापर्यंत वेळ येते. रात्र व पाऊस असल्यास दिवे आणि वायपर यांमुळे अल्टरनेटरवरील भार वाढून बेल्ट अधिकच घसरतो. म्हणून घाटाच्या प्रवासापूर्वी बेल्टची तपासणी विशेष महत्त्वाची मानतात.

प्रवासात बेल्ट तुटल्यास भारणाचा दिवा लागतो व थोड्याच वेळात तापमानाचा काटा चढू लागतो. ज्या गाडीत पाण्याचा पंप याच बेल्टवर आहे, ती त्वरित सुरक्षित जागी थांबवावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. ज्या गाडीत पंप स्वतंत्रपणे चालतो, ती दिवसा, दिवे न लावता, चांगल्या बॅटरीवर काही अंतर जाऊ शकते; इग्निशनला लागणारा प्रवाह अल्प असतो, मात्र दोन हेडलाइट एकट्यानेच सुमारे ९ अँपिअर खातात. जुन्या गाडीत योग्य मापाचा एक जादा बेल्ट आणि त्याच्या बोल्टना बसणारे पाने ठेवणे हाच सर्वांत सोपा उपाय होय.

प्रचलित गैरसमज

* साबण, मेण किंवा पावडर लावल्याने बेल्ट दुरुस्त होतो : त्याने आवाज काही काळ दबतो, ताण, रेष किंवा बेअरिंग यांतील दोष तसाच राहतो व ओळखणे अधिक कठीण होते.
* जितका घट्ट, तितका चांगला : अवाजवी ताणाने बेअरिंगे झिजतात आणि कालांतराने किंकाळीच्या जागी घरघर येते.
* भारणाचा दिवा लागला नाही म्हणजे बेल्ट ठीक आहे : बेल्ट थोडा घसरत असता दिवा लागेलच असे नाही; कित्येकदा तो केवळ अंधारात मंद दिसतो.
* इंजिन चालू असता बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासता येतो : डायनामोच्या काळातील ही सवय अल्टरनेटरला घातक आहे, व्होल्टतेच्या अचानक उसळीने डायोड व रेग्युलेटर जळू शकतात.

सुरक्षितता

वर दिलेल्या उदाहरणातील पुली मिनिटाला ३,००० फेरे घेत असता बेल्टचा वेग ताशी सुमारे ७३ किलोमीटर होतो. त्यात अडकलेले बोट, पदर किंवा ओढणी मागे घेण्यास वेळ मिळत नाही. म्हणून चालू इंजिनजवळ जाताना सैल कपडे आवरावेत, केस बांधावेत आणि अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा व चाकांना दगड लावावा. पंख्याच्या पात्यांच्या रेषेत उभे राहू नये. इंजिन बंद गॅरेजमध्ये चालवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. ज्या गाड्यांत विजेवर चालणारा पंखा आहे, त्यांत तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

अल्टरनेटरच्या मागील जाड वायरचे टोक इंजिन बंद असतानाही बॅटरीशी जोडलेले असते. पाना त्याला व इंजिनला एकाच वेळी टेकल्यास मोठी ठिणगी पडते. त्यामुळे अल्टरनेटर सैल करण्यापूर्वी इंजिन बंद असल्याची खात्री करून बॅटरीची बॉडीला जोडलेली वायर सोडवावी आणि सर्व काम पूर्ण झाल्यावरच ती पुन्हा जोडावी.